धरला, ओढला, सोडला

आमच्या ऑफिसात प्रोग्राममधली एखादी चूक, म्हणजे बग, दुरुस्त झाला की यादीत त्याच्यावर काट मारायची आणि पुढच्याला लागायचं, असा नियम आहे. पण होतं काय, की बग जातो आणि किस्सा राहतो! बग निदान एका लिस्टमध्ये तरी असतात. किस्से कुठेही पडलेले असतात, चहाच्या टेबलावर, जिन्यात, लिफ्टच्या रांगेत. परवा घोडपदेवला मावशीकडे पूजेला गेले, तर तिथल्या तीन बायका मला कोपऱ्यात घेऊन बसल्या. "तो शिंकेचा सांग ना गं!" त्यांच्यापैकी एकीनेही आयुष्यात कोडची एक ओळ बघितलेली नाही. तेव्हा म्हटलं, आता हे सगळं एकदा सांगूनच टाकू.

तर आधी माणसं. ऑफिस लालबागला, मसाल्याच्या दुकानांच्या मागच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसरा मजला. आम्ही चारच जण. दिघे सर मालक. पूर्वी त्यांचं गिरगावात डीटीपीचं दुकान होतं. मंगेश मुख्य प्रोग्रामर. हा माणूस एका जागी बसूच शकत नाही. बसला की पाय हलवतो, मग टेबल हलतं, मग माझा चहा हलतो. सुलभाताई टेस्टर. तीस वर्षं एका छापखान्यात प्रूफं तपासली. छापखाना बंद झाला, सर त्यांना इकडे घेऊन आले. आणि मी सायली. अर्धा दिवस प्रोग्रामिंग, अर्धा दिवस गिऱ्हाइकांचे फोन.

आम्ही मराठी लिहायचा एडिटर बनवतो. म्हणजे कॉम्प्युटरवर अर्ज, पत्रिका, पुस्तक, जे काय टाईप करायचं ते त्यात करायचं. आणि ज्या एका गोष्टीने आमचं वर्ष खाल्लं ती तुम्हाला ऐकायला अगदी फालतू वाटेल. शब्द माऊसने धरायचा, ओढायचा आणि दुसरीकडे सोडायचा. बस्स. एवढंच!

*

सुरुवात झाली दादरच्या एका संस्थेत. सर तिथे डेमो द्यायला गेले होते. फॉन्ट दाखवले, समास दाखवले, शुद्धलेखन दाखवलं. सगळे खूश. तेवढ्यात तिथल्या एका क्लार्क बाईंनी माऊस हातात घेतला, एक शब्द निवडला आणि ओढायला लागल्या. शब्द ढिम्म! त्यांनी पुन्हा ओढला. मग सरांकडे बघून अगदी साधेपणाने विचारलं, "तुमच्याकडे शब्द हलत नाही का हो?"

सर परत आले ते दारातूनच ओरडत. "मंगेश, शब्द हलला पाहिजे!"

"कुठला सर?"

"कुठलाही!"

मंगेश म्हणाला, "दोन दिवस द्या."

ते दोन दिवस एप्रिलमध्ये सुरू झाले आणि फराळाचे डबे ऑफिसात आले तरी संपले नव्हते. रोज सकाळी सर आत येत, बॅग ठेवायच्या आधी विचारत, "हलला का?" तिसऱ्या आठवड्यापासून तर ते नुसते भुवया उडवायचे. मंगेश नुसती मान हलवायचा. या ऑफिसात त्या काळात शब्द सोडून सगळं हलत होतं.

*

पहिल्यांदा शब्द हलला तेव्हा मंगेशने पेढे आणले. शब्द धरला, वर ओढला, सोडला, बरोबर जागी बसला! दहा वेळा करून दाखवलं. सरांचे डोळे भरून आले.

सुलभाताईंनी पेढा बाजूला ठेवला आणि टेस्टिंगला लग्नपत्रिका घेतली. त्यांचं म्हणणं, मराठी माणूस आयुष्यात जेवढी काळजी लग्नपत्रिकेच्या मजकुराची घेतो तेवढी कशाचीच घेत नाही, म्हणून चूक तिथेच सापडते. त्यांनी नवऱ्या मुलाचं नाव धरलं आणि दोन ओळी खाली ओढून सोडलं.

त्यांनी पत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली. मग शांतपणे म्हणाल्या, "मंगेश, इकडे ये. या मुलीचं लग्न तू तिच्या मामाशी लावून दिलंस."

खरंच! नवऱ्या मुलाचं नाव जिथे सोडलं होतं तिथे न बसता पुढे कुठेतरी निमंत्रकांमध्ये जाऊन बसलं होतं, आणि 'हिचा विवाह' याच्या समोर आता थेट मामांचं नाव वाचलं जात होतं.

भानगड अशी होती. रांगेतून एक माणूस बाहेर काढला की त्याच्या मागचे सगळे एक पाऊल पुढे सरकतात. आम्ही शब्द आधी काढत होतो आणि मग जुन्या मोजणीने नवीन जागा शोधत होतो. वर ओढलं तर फरक पडत नव्हता, खाली ओढलं की गोंधळ. आणि मंगेशने दहाच्या दहा वेळा वरच ओढून बघितलं होतं!

"अरे पण खाली का नाही बघितलंस?" सर कळवळून म्हणाले.

मंगेश पाय हलवत म्हणाला, "वर जात होता ना सर. बरं वाटत होतं."

*

मे महिन्यात आमच्या इस्टेटखाली मिरच्या कुटायला सुरुवात होते. लालबागला राहणाऱ्यांना सांगायला नको. मिरची कुटायचा डंका सुरू झाला की दुसऱ्या मजल्यापर्यंत हवा लाल होते. आम्ही खिडक्या लावून, पंखे बंद करून, घाम गाळत बसतो.

त्याच वेळी ट्रायलसाठी एडिटर दिलेल्या लोकांपैकी दोघांची तक्रार आली. "शब्द चिकटतो." म्हणजे काय? तर ओढायला धरलेला शब्द माऊसचं बटण सोडलं तरी सुटतच नाही, बाणाच्या मागे मागे फिरतो. कधी होतं? "कधीतरी." कशाने होतं? "काय माहीत!"

आता 'कधीतरी' होणाऱ्या बगसारखी वाईट चीज नाही. आठ दिवस आम्ही शब्द धरत होतो आणि सोडत होतो. हळू, जोरात, तिरका, सरळ. एकदाही चिकटला नाही. माझं तर असं झालं, की घरी जेवताना ताटातली वाटी धरायची, इकडून तिकडे सरकवायची आणि बघत बसायचं. आई म्हणाली, "गो, जेवतंस की बुद्धिबळ खेळतंस?"

मंगेश तर उठून चालायलाच लागला. दरवाजा ते खिडकी, खिडकी ते दरवाजा. चालता चालता मध्येच वाकायचा, माऊस धरायचा, शब्द ओढायचा, सोडायचा, परत चालायला लागायचा. सुलभाताई म्हणाल्या, "याला कुणीतरी बसवा हो, मला गरगरायला लागलंय."

नवव्या दिवशी खाली संकेश्वरी मिरची आली. मंगेशने शब्द धरला, ओढला, आणि इतकी जोरात शिंक आली की हात टेबलाच्या टोकापर्यंत गेला! डोळे पुसून बघतो तर शब्द चिकटलेला! बाणाच्या मागे मागे फिरतोय!

"चिकटला!" मंगेश ओरडला. "कुणी हात लावू नका! काय केलं मी? काय केलं?"

"शिंकलास," सुलभाताई म्हणाल्या.

"पुन्हा शिंक!" सर म्हणाले.

पण शिंक अशी मागून येते का? तो नाक वर करून उभा, आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे बघतोय, शिंक नाही. शेवटी सर स्वतः खाली गेले आणि कागदात मूठभर ताजं तिखट घेऊन आले. पुढचा अर्धा तास आम्ही चौघंही आळीपाळीने शब्द धरून शिंकत होतो. शेजारच्या गाळ्यातले लोक दारात येऊन बघून गेले.

झालं होतं असं, की शिंकेने हात एडिटरच्या खिडकीबाहेर जायचा आणि बटण बाहेरच सुटायचं. सुटल्याची खबर आमच्या प्रोग्रामपर्यंत यायचीच नाही, त्याला वाटायचं अजून धरलेलंच आहे. दुरुस्तीला वीस मिनिटं लागली.

पण प्रत्येक बग नेमका कसा घडवायचा त्याच्या पायऱ्या रजिस्टरमध्ये लिहाव्या लागतात, आणि ते काम सुलभाताईंचं. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. 'एक, शब्द धरावा. दोन, शिंकावे. तीन, सॉरी म्हणावे.'

*

सुलभाताईंना कॉम्प्युटरवर तक्रार लिहायला आवडत नाही. त्या स्क्रीनची प्रिंट काढतात आणि लाल पेनने प्रूफाच्या खुणा करून मंगेशच्या टेबलावर ठेवतात. जूनमध्ये एके दिवशी असा कागद आला की सबंध कागद लाल! समासात एकच वाक्य, 'वेलांट्यांना घर नाही.'

आपण 'कि' लिहितो ते आपल्याला एक अक्षर वाटतं. कॉम्प्युटरला ते दोन वाटतात, क वेगळा आणि वेलांटी वेगळी. मग ओढलेला शब्द नेमका त्या दोघांच्या मधल्या फटीत सोडला की क एकीकडे आणि वेलांटी दुसऱ्याच शब्दाच्या गळ्यात. कुणी गळा दिला नाही तर ती ठिपक्यांच्या एका गोल कड्याला लटकून उभी राहते. 'स्त्री'ची तर आम्ही अशी काही दशा केली होती की सरांनी तो कागद उलटा करून ठेवला.

मंगेश वैतागून म्हणाला, "ताई, आता प्रत्येक अक्षर कुठे तोडायचं नाही हे मी कुठे कुठे सांगत बसू?"

सुलभाताईंनी चष्मा काढला. "तू शाळेत बाराखडी शिकलास ना?"

"शिकलो."

"मग यालाही शिकव. घाई काय आहे, पहिलीत एक वर्ष देतात."

त्या दिवसांत मी ऑफिसचा लॅपटॉप घरी नेला होता. आईने ते ठिपक्यांचं कडं बघितलं आणि विचारलं, "ह्या काय गो? टिकली?" मी तिला सगळं समजावून सांगितलं, अक्षर, वेलांटी, फट. आईने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तुमका पगार वेलांटी पुसूचो मिळता?"

*

आता मंगेशची एक सवय सांगायला हवी. बग शोधताना प्रोग्राम नेमका कुठपर्यंत पोचला हे कळावं म्हणून प्रोग्रामर लोक मध्ये मध्ये निरोप टाकून ठेवतात. स्क्रीनवर छोटी पाटी येते, 'इथपर्यंत आलो', 'इथून गेलो' अशी. काम झालं की ते निरोप काढायचे असतात. मंगेशचा वैताग जसा वाढत गेला तसे त्याचे निरोपही चढत गेले. शब्द धरला की पाटी यायची, 'धरलं.' ओढायला लागलं की, 'ओढतोय, ओढतोय...' आणि सोडायला वेळ लागला की, 'अरे सोड ना आता!'

जुलैमध्ये नवीन व्हर्जन गेलं आणि हे निरोप काढायचे राहिले!

भोईवाड्याला कोर्टाबाहेर टाईप करून देणारे एक नार्वेकर म्हणून आहेत, आमचे जुने गिऱ्हाईक. दुपारी त्यांचा फोन. आवाज एकदम हळू. "म्याडम, मी काय टाईप करतोय तुम्हाला दिसतं का हो तिकडून?"

"नाही हो! का?"

"मग तुमचा एडिटर मध्ये का बोलतोय?"

नार्वेकर त्या वेळी घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा टाईप करत होते. नवरा-बायको दोघंही शेजारच्या बाकड्यावर, संमतीने चाललेलं प्रकरण. नार्वेकरांनी नवऱ्याचं नाव धरलं, योग्य जागा शोधत शोधत ओढलं, आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आलं, 'अरे सोड ना आता!'

"अहो, त्या दोघांनी वाचलं?"

"वाचलं ना! नवरा माझ्यावरच धावून आला. म्हणे, तुम्ही कोण सांगणारे?"

"आणि त्या बाई?"

"बाई म्हणाल्या, बघा, मशीनला दोन मिनिटांत कळलं, ह्यांना दहा वर्षं कळत नाहीये!"

मी फोन ठेवला. मंगेश खिडकीपाशी पाठमोरा उभा होता. फोन स्पीकरवर होता, सगळं ऐकलं होतं त्याने. मग वळून विचारलं, "पण सोडल्यावर नाव बरोबर जागी पडलं का, ते विचारलंस?"

*

ऑगस्टमधली गोष्ट. आमच्याच भागातल्या एका मंडळाची वार्षिक सभा पाच वाजता. पावणेचारला त्यांचे सेक्रेटरी तांडेल यांचा फोन. नुसता आरडाओरडा.

"म्याडम, अहवाल गेला, अध्यक्ष आले!"

मला वाटलं अध्यक्ष लवकर आलेत. "मग बसवा ना त्यांना!"

"बसवा काय? सगळ्या स्क्रीनवर तेच आहेत!"

मंडळ पाच मिनिटांवर. मी चप्पल अर्धवट पायात अडकवून धावतच गेले. तांडेल आठ दिवस खपून अकरा पानांचा अहवाल टाईप करत होते. शेवटी पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो हवा, म्हणून त्यांनी फोटो धरला, ओढला आणि सोडला. पण पानावर पडायच्या ऐवजी तो बोटभर बाजूच्या पट्टीवर पडला. एडिटर चालतो ब्राऊझरमध्ये. त्या पट्टीवर पडलेली फाईल आपण झेलायची हे आम्ही ब्राऊझरला सांगितलंच नव्हतं. त्याने आपल्या मनाने अहवाल मिटला आणि फोटो उघडला. सत्तावीस इंची स्क्रीनभर अध्यक्ष, हार घातलेले, हात जोडलेले!

माझ्या मागे पंधरा-वीस कार्यकर्ते उभे. खुर्च्या लावायचं काम थांबलेलं. कुणीतरी माझ्या कानाशी, "मिळेल ना? मिळेल ना?" करत होतं. मी मागे जायचं बटण दाबलं, एडिटर आला, पान कोरं! तांडेल मटकन खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला माझीच लाज वाटली. आमचा एडिटर दर थोड्या वेळाने एक कॉपी बाजूला ठेवतो, ती शोधायला मी आत घुसले. घाईत पासवर्ड दोनदा चुकला.

कॉपी मिळाली! नऊ पानं होती, शेवटची दोन नव्हती. तांडेल डोळे मिटून बोलायला लागले आणि मी टाईप करायला लागले. रक्तदान शिबिर, वह्यावाटप, कॅरम स्पर्धा, सगळं तोंडपाठ. चार चाळीसला दोन्ही पानं पूर्ण. प्रिंट. कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात खरे अध्यक्ष आले. तांडेलांनी आधी उघडून ठेवलेला मूळ फोटो बाजूच्या स्क्रीनवर अजून तसाच होता. मी घाईघाईने तो बंद करायला गेले.

अध्यक्ष दोन पावलं मागे जाऊन नीट बघत म्हणाले, "राहू दे की जरा वेळ. चांगला आलाय."

*

आता शेवटचा. हा मी मावशीकडच्या बायकांना सांगितला नाही.

रेगेकाका अँटॉप हिलला मुलाच्या क्वार्टर्समध्ये राहतात. वय पंचाहत्तरच्या आसपास. आयुष्यभर कोकण किनाऱ्यावरच्या दीपगृहांवर नोकरी केली आणि आता त्याबद्दल पुस्तक लिहीत होते, आमच्या एडिटरवर. सप्टेंबरमध्ये त्यांची पहिली ईमेल आली. 'आपला एडिटर उत्तम आहे. माझ्या मजकुरातली काही वाक्ये मी लिहिली त्या जागी सापडत नाहीत, दुसरीकडे सापडतात. दोष बहुधा माझाच असावा. तरी कळविले.'

त्यांनीच दोष स्वतःचा म्हटल्यावर मी काय केलं असेल? तक्रारीची नोंद बंद केली. कारण लिहिलं, 'वापरणाऱ्याची चूक.' पंधरा दिवसांनी दुसरी ईमेल. तीही बंद. तिसरी आली ती दोनच ओळींची. 'आज दिव्याच्या भिंगाबद्दलचे वाक्य समुद्रात सापडले. आपल्याला त्रास देतो याबद्दल क्षमस्व.'

ते 'समुद्रात' वाचून मला हसू आलं आणि मग येईनासं झालं. दिवसभर मन लागेना. चहा केला, प्यायले नाही. मंगेशला दाखवलं. त्याने वाचलं आणि चालायला लागला. दरवाजा, खिडकी, दरवाजा. मग म्हणाला, "फोन कर. त्यांना इकडे बोलाव. लॅपटॉपसकट."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मुलगा संजय त्यांना सोडायला आला. हाताला धरून जिना चढवला, खुर्चीत बसवलं, पाण्याची बाटली उघडून दिली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बाबांना हल्ली थोडं... म्हणजे लक्षात राहत नाही. लिहितात एक, नंतर म्हणतात मी असं लिहिलंच नाही. आता एकटं कुठे सोडत नाही, घराच्या-कपाटाच्या किल्ल्याही माझ्याकडेच ठेवल्यात. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतलीय. तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका. सहाला घ्यायला येतो." आणि तो ऑफिसला गेला.

काकांना ते ऐकू गेलं असणार. त्यांनी काही दाखवलं नाही. लॅपटॉप उघडला आणि म्हणाले, "लिहू?"

"लिहा काका. नेहमीसारखं."

ते लिहायला लागले. सुंदर लिहीत होते. एका बेटावर आठ दिवस बोट आली नाही, पीठ संपलं, त्याची हकीकत. दोन बोटांनी टाईप करायचे, नजर कीबोर्डवर. मी आणि मंगेश त्यांच्या खांद्यामागून स्क्रीनला डोळे लावून. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. एक वाक्य हललं नाही. मंगेशचा पाय सुरू झाला, मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला. काका मधूनच म्हणत, "आज होत नाहीये बघा. मी म्हटलं होतं ना, माझंच काहीतरी."

सुलभाताई इतका वेळ समोर बसून प्रूफ वाचत होत्या. त्यांना आमची स्क्रीन दिसत नव्हती. त्या एकदम म्हणाल्या, "सायली, स्क्रीन नको बघू. हात बघ."

आम्ही हात बघितला.

काकांना वाचताना ओळ माऊसने निवडून रंगवायची सवय होती. पेन्सिल फिरवतात तशी. ओळ वाचून झाली की रंग घालवायला ते तिच्यावर एक क्लिक करायचे आणि लगेच नजर खाली कीबोर्डवर. आणि ते क्लिक करताना त्यांचं बोट थरथरत होतं. अगदी बारीक. चहाचा कपही सांडला नसता, इतकं बारीक.

मंगेशने झपाट्याने काकांचा लॅपटॉप ओढला आणि एडिटर प्रत्येक हालचालीच्या ठेवतो त्या नोंदी उघडल्या. बटण दाबल्यावर माऊस किती सरकला की त्याला 'ओढणं' समजायचं, याचा एक आकडा असतो. सरांच्या डेमोत शब्द लोण्यासारखा निघावा म्हणून मंगेशने तो शून्य ठेवला होता. म्हणजे केसाएवढा हात हलला तरी एडिटर समजणार की यांना वाक्य उचलायचंय. सहसा हललेलं वाक्य परत जागच्या जागीच पडायचं. ओळीच्या कडेवर क्लिक असलं तर मात्र खालच्या ओळीत जाऊन बसायचं. काका मान वर करेपर्यंत सगळं संपलेलं असायचं. महिनाभराच्या नोंदी होत्या. स्क्रीनवरचे तीन ठिपके सरकलं, उचललं. दोन ठिपके सरकलं, उचललं. दिव्याच्या भिंगाचं वाक्यही तिथे होतं, दिवस-वेळेसकट.

मंगेश खुर्चीत बसला. पाय हलत नव्हता.

मीच सांगितलं. "काका, तुम्ही विसरत नव्हतात. वाक्यं तुम्ही बरोबर जागीच लिहिली होती. नंतर आमच्या एडिटरने ती हलवली. तुमचा हात जरासा थरथरतो ना, त्याला वाटलं तुम्ही ओढताय. चूक आमची आहे. तीन वेळा तुम्ही कळवलंत आणि पहिल्या दोन्ही वेळा मी 'वापरणाऱ्याची चूक' लिहून टाकलं."

काकांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. मग म्हणाले, "पुन्हा दाखवा."

मंगेशने दाखवलं.

"पुन्हा."

पुन्हा दाखवलं. या वेळी त्यांनी स्वतःचं बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, उलटंसुलटं करून.

"म्हणजे हे हाताचं आहे."

"हो काका."

"फक्त हाताचं."

"या नोंदींवरून तरी तेवढंच दिसतंय," मंगेश म्हणाला. "प्रत्येक हललेल्या वाक्याची नोंद आहे. एकही सुटलेलं नाही."

सुलभाताई म्हणाल्या, "डॉक्टरांकडे जाच तुम्ही. पण हात दाखवा."

काकांनी मान हलवली. मंगेशने आकडा बदलला, त्यांच्याकडून शंभर क्लिक करून घेतले. एकही वाक्य हललं नाही. त्यांनी लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, पिशवीची गाठ स्वतःच मारली आणि खिशातून मोबाईल काढला. नंबर लावताना बोट थरथरत होतं. आम्हाला वाटलं, मुलाला आनंदाची बातमी सांगणार.

"संजय, मी बोलतोय. सहाला येऊ नकोस, मी माझा बसने येतो. आणि माझ्या सगळ्या किल्ल्या टेबलावर काढून ठेव."